रायफलीवरचा नंबर नक्की कुठली तारीख सांगतो?

आज साधन-चिकित्सेवर बोलू, पण पुस्तकातल्या व्याख्या बाजूला ठेवून. बाह्य परीक्षण, अंतर्गत परीक्षण हे शब्द आपण सगळे पेपरात लिहून येतो. प्रत्यक्ष वस्तू समोर आली की मात्र गाडी अडते. म्हणून एक खरी वस्तू घेऊ. जुनी, गंजलेली, आणि अंगावर नंबर कोरलेली.

नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, ग्रेट बेसिन नॅशनल पार्कमध्ये पुरातत्त्व सर्वेक्षण चालू होतं. तिथे ज्युनिपरच्या एका झाडाला टेकवून ठेवलेली रायफल सापडली. दस्त्याचं लाकूड उन्हापावसाने राखाडी पडलं होतं, त्याला भेगा गेल्या होत्या, आणि दस्त्याचा खालचा भाग काही इंच मातीत गाडला गेला होता. नळी तपकिरी गंजाने माखलेली. रंग झाडाच्या खोडाशी इतका मिळून आला होता की कितीतरी वर्षं कुणाला ती दिसलीच नव्हती. ही रायफल विंचेस्टर कंपनीची, १८७३ मॉडेलची, लिव्हर-ॲक्शन पद्धतीची.

लिव्हर-ॲक्शन म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगते. ट्रिगरभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून परत वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, नवं आत जाऊन बसतं आणि रायफल पुढच्या बारासाठी तयार होते. जुन्या इंग्रजी काउबॉय सिनेमात घोड्यावरचा माणूस खटाखट जे करताना दिसतो, ते हेच.

आता प्रश्न: ही रायफल कधीची? आपल्यापैकी कुणीही पहिल्यांदा काय करेल तर तिच्यावर लिहिलेलं वाचेल. वाचू या. मॉडेलचं नाव १८७३. या मॉडेलच्या नळीवर पेटंटच्या दोन तारखा असतात : २९ मार्च १८६६ आणि १६ ऑक्टोबर १८६०. म्हणजे वस्तू एक आणि तिच्यावर तीन वर्षं. यातलं एकही तिच्या जन्माचं नाही. १८६० हे हेन्री रायफलच्या पेटंटचं वर्ष. विंचेस्टरच्या रायफली त्याच रचनेतून पुढे आल्या. १८६६ हे नेल्सन किंगच्या सुधारणेचं वर्ष. रायफलीच्या बाजूने काडतुसं भरण्याची खिडकी त्याने दिली. १८७३ हे मॉडेल बाजारात आल्याचं वर्ष, आणि हे मॉडेल पुढे विसाव्या शतकातही बनत राहिलं. एकूण सात लाखांहून जास्त रायफली बनल्या.

पेटंटची तारीख ही निर्मितीची तारीख समजणं ही या विषयातली सगळ्यात जास्त होणारी गफलत आहे. विंचेस्टरच्या १८९४ मॉडेलच्या नळ्यांवर २१ ऑगस्ट १८९४ ही तारीख कित्येक वर्षं छापली जात होती. जॉन ब्राउनिंगला त्या दिवशी पेटंट मिळालं, एवढाच तिचा अर्थ. आजोबांच्या कपाटात अशी रायफल सापडली की घरातले लोक १८९४ सालची म्हणून मोकळे होतात. निघते ती १९१० च्या आसपासची. छापलेली तारीख खोटी नसते हं. ती वेगळ्याच घटनेची तारीख असते. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे, म्हणून हे वाक्य जरा लक्षात असू द्या.

मग उरतो नंबर. १८७३ मॉडेलवर तो खालच्या टँगवर असतो. टँग म्हणजे मधल्या धातूच्या चौकटीपासून मागे दस्त्यात गेलेली पट्टी. १८९४ मॉडेलवर तो चौकटीच्या खालच्या बाजूला, पुढच्या टोकाशी असतो. नंबर जास्त भरवशाचा का, तर तो आपल्यासाठी लिहिलेला नाही. मार्क ब्लॉख या फ्रेंच इतिहासकाराने साधनांचे दोन प्रकार मानले होते. काही साधनं मुद्दाम पुढच्यांना सांगण्यासाठी लिहिलेली असतात. आत्मचरित्रं, शिलालेख वगैरे. काही मात्र नकळत साक्षीदार होतात. कारखान्यातल्या कामगाराने नंबर ठोकला तो हिशेबासाठी. त्याला इतिहासात काही सिद्ध करायचं नव्हतं.

पण एकटा नंबर मुका असतो. समजा, नंबर आहे १,००,०००. सांगा कुठलं साल? सांगताच येणार नाही, कारण विंचेस्टरमध्ये प्रत्येक मॉडेलची क्रमांकमाला वेगळी होती. १८७३ मॉडेलचा लाखावा नंबर साधारण १८८२ चा, १८९४ मॉडेलचा लाखावा नंबर साधारण १८९७ चा. माला एकपासूनच सुरू झाली असेल असंही धरून चालत नाही. विंचेस्टरच्या १८६६ मॉडेलचे नंबर आधीच्या हेन्री रायफलींच्या मालेतच पुढे चालू राहिले. दुसऱ्या कंपनीकडे गेलात तर नियमच बदलतो. मार्लिन कंपनीने १९७० च्या दशकात अशी पद्धत आणली की नंबरचे पहिले दोन आकडे १०० मधून वजा केले की साल निघतं. पहिले आकडे २५ असतील तर १९७५, ९७ असतील तर २००३. हे कोडं ज्याला माहीत नाही तो त्या २५ वरून काय काय तर्क करेल, याची कल्पना करा.

तर नंबरला अर्थ येतो तो नोंदवहीमुळे. विंचेस्टरचा कारखाना कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात होता. कंपनीच्या जुन्या नोंदवह्या आता वायोमिंग राज्यातल्या कोडी गावात, बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट या संस्थेच्या कोडी फायरआर्म्स म्युझियममध्ये आहेत. १८७३ मॉडेलच्या नोंदी बऱ्याच आहेत, मधे मधे खंड आहेत. १८९४ मॉडेलच्या नोंदी ३,५३,९९९ या क्रमांकापर्यंतच मिळतात, आणि या मॉडेलच्या रायफली तर पुढे पंचवीस लाखांच्या वर बनल्या. दप्तर कुठे थांबतं हे आधी बघायचं, मग प्रश्न ठरवायचा. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. सिनॉप्सिस आधी लिहितो आणि दप्तरात काय आहे ते दोन वर्षांनी कळतं.

नोंदवहीतल्या एका ओळीत काय असतं? क्रमांक, रायफल की कार्बाइन (म्हणजे आखूड नळीची), काडतुसाचा प्रकार, नळी गोल की अष्टकोनी, ट्रिगर साधा की खास, गोदामात आल्याची तारीख, गोदामातून रवाना झाल्याची तारीख, आणि ऑर्डरचा क्रमांक. काही मॉडेलांच्या वह्यांत चौकटीवर नंबर मारल्याची तारीखही मिळते. गिऱ्हाइकाचं नाव मात्र सहसा नसतं. कंपनी माल विकायची तो मुख्यतः घाऊक व्यापाऱ्यांना, एकेका शिकाऱ्याला नाही.

ग्रेट बेसिनच्या रायफलीचा नंबर या वह्यांशी ताडून पाहिला गेला. उत्तर आलं १८८२. त्याच वर्षी बनली, त्याच वर्षी गोदामातून बाहेर पडली. कुणी मागवली आणि कुठे गेली याची नोंद नाही. त्या एका वर्षात या मॉडेलच्या पंचवीस हजारांहून जास्त रायफली बनल्या होत्या, आणि सुरुवातीला ५० डॉलर असलेली किंमत २५ डॉलरपर्यंत उतरली होती. म्हणजे हे कुण्या श्रीमंताचं हत्यार असायलाच हवं असं काही नाही. खाणीतला मजूर, गुरं राखणारा, शिकारी, कुणाचंही असू शकतं.

इथे खरी गंमत सुरू होते. २०१४ वजा १८८२ म्हणजे १३२. ‘१३२ वर्षं जुनी रायफल’ अशी बातमी जगभर गेली, आणि ती बरोबरच होती. पण वाचणाऱ्यांच्या डोक्यात तिचं लगेच दुसरं वाक्य झालं : ‘१३२ वर्षं झाडाला टेकून उभी असलेली रायफल’. दोन वाक्यांत फरक केवढा आहे बघा. पहिलं नोंदवहीवरून सिद्ध होतं. दुसऱ्याला काहीही आधार नाही.

आधार तर नाहीच, उलट ते चूक आहे असं दाखवणारा पुरावा रायफलीच्या पोटातच होता. रायफल जतनासाठी कोडीला नेली. ती भरलेली आहे का हे बघायला तिथल्या एका इस्पितळात तिचा एक्स-रे काढला. नळीत काही नव्हतं. पण दस्त्यात सफाईची सळई ठेवायची एक पोकळी असते, तिथे एक काडतूस दिसलं. युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनीचं, आणि ज्या प्रकारचं होतं तो प्रकार १८८७ ते १९११ या काळात बनत होता. झालं! १८८७ च्या आधी न बनलेली वस्तू १८८७ च्या आधी दस्त्यात जाऊ शकत नाही. म्हणजे १८८७ किंवा त्यानंतर कधीतरी ही रायफल कुणाच्या तरी हातात होती आणि त्या माणसाने ते काडतूस आत ठेवलं. ती त्याआधी काही काळ झाडापाशी राहिली असेल असं ओढूनताणून म्हणता येईल, पण शेवटची टेकवली गेली ती १८८७ नंतरच. कमीत कमी पाच वर्षं आकड्यातून गेली. प्रत्यक्षात किती गेली ते सांगता येत नाही.

याला पुरातत्त्वात ‘टर्मिनस पोस्ट क्वेम’ म्हणतात, म्हणजे ‘याच्या आधी नाही’ अशी मर्यादा. मुलाखतीत हा शब्द विचारला तर हे काडतूस आठवा. आणि लगेच दुसरा प्रश्न येईल, वरची मर्यादा १९११ धरायची का? नाही धरायची. काडतूस १९११ पर्यंत बनत होतं याचा अर्थ ते १९११ पर्यंतच वापरलं गेलं असा होत नाही. डब्यात राहिलेलं काडतूस वीस वर्षांनीही कुणी दस्त्यात टाकू शकतो. बनण्याची शेवटची तारीख ही वापराची शेवटची तारीख नसते. खालची मर्यादा पक्की आणि वरची मोकळी, असं पुराव्यात वारंवार होतं, आणि आपला हात मात्र दोन्ही बाजूंनी कंस बंद करायला शिवशिवत असतो.

आता जरा १८९४ मॉडेलकडे वळू, कारण नोंदवही संपते तिथे लोक काय करतात हे त्यात छान दिसतं. मोठे टप्पे सगळ्यांना माहीत आहेत. दहा लाखावी रायफल १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली गेली. पंधरा लाखावी १९४८ मध्ये ट्रूमन यांना, वीस लाखावी १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांना. समजा, तुमच्याकडे १२,५०,००० नंबरची रायफल आहे. सरळ त्रैराशिक मांडलं तर दहा आणि पंधरा लाखांच्या बरोबर मधला नंबर, म्हणजे १९२७ आणि १९४८ च्या मधलं साल, १९३७-३८. गणित चोख. पण उपलब्ध याद्यांप्रमाणे हा नंबर १९४० च्या पुढे जातो.

असं का? त्या टप्प्यांमधला वेग बघा. १९२७ ते १९४८ या २१ वर्षांत पाच लाख, म्हणजे वर्षाला सरासरी २४ हजारांच्या आत. १९४८ ते १९५३ या पाच वर्षांत पुन्हा पाच लाख, म्हणजे वर्षाला एक लाख! चौपट. आणि त्या २१ वर्षांची सरासरीसुद्धा फसवी आहे, कारण त्यात महामंदी आहे. १९३१ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं आणि ऑलिन कुटुंबाच्या वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीने ती विकत घेतली. मग दुसरं महायुद्ध आलं, कारखाना लष्करी कामाला लागला आणि शिकारीच्या रायफली मागे पडल्या. युद्ध संपल्यावर तुंबलेली मागणी एकदम आली. सरासरी काढली की हे सगळे चढउतार सपाट होऊन जातात. जनगणनेच्या दोन आकड्यांमधलं एखादं वर्ष असंच त्रैराशिकाने काढणारे प्रबंध तुम्हीही पाहिले असतील. मधे दुष्काळ किंवा साथ येऊन गेली असेल तर?

शिवाय नंबर सलग चालतातच असंही नाही. १९६४ मध्ये या मॉडेलची रचना बदलली आणि नव्या रायफलींना थेट २७,००,००० पासून नंबर दिले. मधले हजारो नंबर वापरलेच गेले नाहीत. त्यामुळे शेवटचा नंबर म्हणजे एकूण उत्पादन, हेही समीकरण बसत नाही. आणि अध्यक्षांना भेट दिल्याची तारीख ही तरी कशाची तारीख आहे? समारंभाची. रायफल बनल्याची नाही.

बहुतेक लोक त्रैराशिक करत नाहीत, ते छापील यादी बघतात. जॉर्ज मॅडिस यांचं ‘द विंचेस्टर बुक’ १९६१ मध्ये आलं. त्यांच्या सालवार याद्या पुढे इतक्या ठिकाणी उतरवल्या गेल्या की कित्येकांना त्या कारखान्याच्याच वाटतात. पण कारखान्याच्या पॉलिशिंग रूममध्ये, जिथे चौकटींवर नंबर पडत होते, तिथल्या नोंदी म्युझियममध्ये आहेत. त्यांच्याशी ताडून पाहिल्यावर काही मॉडेलांच्या काही वर्षांत मॅडिस यांची सालं जुळत नाहीत असं दिसलं, आणि हा फरक कधीकधी काही वर्षांचा आहे. मॅडिस यांनी आयुष्य या विषयाला दिलं, त्यांच्या कामाशिवाय हे क्षेत्र उभंच राहिलं नसतं, हे मी मानते. माझी तक्रार उतरवून घेणाऱ्यांबद्दल आहे. एक यादी वीस ठिकाणी दिसली म्हणून तिचे वीस पुरावे होत नाहीत. पुरावा एकच राहतो, वीस वेळा छापलेला.

‘काही वर्षं इकडेतिकडे, काय बिघडलं?’ असं वाटेल. बिघडतं. अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे १८९८ मध्ये किंवा त्याआधी बनलेलं हत्यार ‘अँटिक’ ठरतं आणि त्या कायद्याच्या बऱ्याचशा बंधनांतून सुटतं. राज्यांचे कायदे वेगळे, पण केंद्राची रेघ ही. १८९४ मॉडेलची पहिली काही वर्षं नेमकी या रेघेच्या अल्याड आणि पल्याड येतात. चौकटीवर नंबर पडला डिसेंबर १८९८ मध्ये आणि रायफल गोदामातून निघाली १८९९ मध्ये, तर? कायदा ‘बनलेलं’ म्हणतो, ‘रवाना झालेलं’ नाही. मग नोंदवहीतली कुठली तारीख वाचायची यावर विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं कायदेशीर स्थान ठरतं. नंबर पडलेल्या चौकटी पेटीत साठवलेल्या असायच्या आणि जुळणीला घेताना क्रमाने घेतल्या जातीलच असं नव्हतं. त्यामुळे मोठ्या नंबरची रायफल आधी बाहेर आणि छोट्या नंबरची नंतर, असंही वह्यांत दिसतं.

जिथे तारखेला किंमत येते तिथे खोटेपणाही येतो. १८७३ मॉडेलमध्ये ‘वन ऑफ वन थाउजंड’ नावाच्या खास रायफली होत्या. चाचणीत उत्तम नेम देणाऱ्या नळ्या निवडून त्या बनवत आणि १०० डॉलरला विकत. अशा जेमतेम सव्वाशे-दीडशेच्या दरम्यान बनल्या. १९५० च्या ‘विंचेस्टर ७३’ या सिनेमाच्या वेळी निर्मात्यांनी जाहिरात देऊन उरलेल्या रायफलींचा शोध घेतला, तेव्हापासून त्यांचं नाव घरोघरी गेलं आणि भावही चढला. साध्या रायफलीवर ती अक्षरं कोरून घेणं अवघड नाही. पण नोंदवहीतल्या त्या नंबरच्या ओळीत तसं लिहिलेलं हवं. आणि उलटही तपासायचं : ओळीत अष्टकोनी नळीची रायफल लिहिली आहे आणि हातात गोल नळीची कार्बाइन आहे, तर एक तर नळी नंतर बदलली किंवा नंबर दुसरीकडचा आहे. वस्तूवरून वही तपासायची आणि वहीवरून वस्तू. सुरुवातीला ज्या बाह्य परीक्षणाचं नाव घेतलं ते हेच. फक्त इथे ते स्क्रू काढून करावं लागतं.

नेवाडातल्या रायफलीकडे परत येऊ. तिथे खोटेपणाचा प्रश्न नव्हता, प्रश्न माणसाचा होता. ती कुणाची? पार्कच्या लोकांनी जुनी वर्तमानपत्रं आणि त्या भागातल्या कुटुंबांच्या आठवणी, कागदपत्रं धुंडाळली. कुणाची रायफल हरवल्याची, कुणी डोंगरात गेला आणि परत आला नाही अशी, या रायफलीशी जोडता येईल अशी नोंद हाती लागली नाही. नंबरने त्यांना न्यू हेवनच्या गोदामाच्या दारापर्यंत आणून सोडलं. काडतुसाने १८८७ च्या पुढे ढकललं. त्यापुढे कुणीतरी ती झाडाला टेकवली. पाणी प्यायला गेला, शिकारीमागे धावला, की नुसता विसरला, यातलं काहीच पुराव्यात नाही. पार्कनेही तिथे गोष्ट रचली नाही, हे मला विशेष वाटतं.

म्युझियममध्ये तिच्यावर काम झालं ते आहे ती स्थिती टिकवण्याचं. गंज घासून नळी चकचकीत केली नाही की नवा दस्ता बसवला नाही. सुटू पाहणारं लाकूड जागच्या जागी पक्कं केलं, आणि भेगांसकट ती परत ग्रेट बेसिनला पाठवली.